बावन्न नंबरचा पाचवा फाउल

१

अंतिम सामना संपून आठ मिनिटं झाली होती आणि सामन्याचा कागद जागेवर नव्हता.

आत्याने टेबलावर पाहिलं, मग टेबलाखाली वाकून पाहिलं. वाकताना दोन्ही गुडघे कुरकुरले. तीस वर्षं शिट्टी तोंडात धरून मैदानात धावली होती ती. आता धावणं संपलं होतं आणि सामना निरीक्षकाची खुर्ची मिळाली होती. खुर्ची मिळते तेव्हा माणूस बसायलाही थकलेला असतो, हे तिला हल्ली रोज पटत होतं. सगळ्या मैदानांवर तिला आत्याच म्हणत. कुणाची आत्या, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

पाहुण्या देशातल्या टीव्हीच्या सोयीसाठी सामना सकाळी दहाला ठेवला होता. दोन देशांचे राष्ट्रीय संघ, अकरा हजार प्रेक्षक. शेवटचे तीन सेकंद उरले असताना यजमानांच्या बावन्न नंबरने बास्केट मारली आणि यजमान एकाहत्तर-सत्तर असे जिंकले. लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले, टेबलाला धक्के बसले, कुणी कुणाला उचललं. त्या गर्दीत चार पानांचा तो संच, वरचं मूळ पान आणि खालच्या तीन नकला, नाहीसा झाला.

गर्दी ओसरली तसा पाहुण्यांचा प्रशिक्षक आला. उंच, वाकलेला माणूस. आवाज बसलेला. हातात छोटी वही.

"बाई, तुमचा बावन्न पाच फाउल करून मैदानात होता," तो म्हणाला. "पाच झाले की बाहेर जायचं असतं. शेवटची बास्केट त्याची मोजता येत नाही."

"पाटीवर त्याचे चार दिसतायत," आत्या म्हणाली. वर टांगलेल्या भल्यामोठ्या विजेच्या पाटीवर अजून आकडे जळत होते.

"पाटी खोटं बोलतेय. कागद दाखवा."

स्पर्धेचा नियम आत्याला तोंडपाठ होता. पाटी ही लोकांसाठी. खरा पुरावा कागद. बाद झालेला खेळाडू खेळत राहिला असं कागदाने सिद्ध झालं, तर त्या क्षणापासूनचा खेळ पुन्हा खेळवायचा. कागदच नसेल तर निकाल कायम. आणि कागद सांभाळायची जबाबदारी तो लिहिणाऱ्याची, म्हणजे लेखनिकबाईंची. कागद सापडला नाही तर सव्वीस वर्षं टेबलावर बसलेल्या त्या बाईच्या नावापुढे जन्मभरासाठी 'चोर' लागणार होतं.

बक्षीससमारंभ चारला होता. पाहुण्यांची बस पाचला. आत्ता साडेबारा वाजले होते.

"मला तीनपर्यंत वेळ द्या," आत्या म्हणाली.

२

गर्दीचे धक्के पुढून बसले; टेबलामागे, कागदाला हात पोचेल इतक्या जवळ, त्या आठ मिनिटांत चारच माणसं आली होती, असं दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराने सांगितलं. लेखनिकबाई, त्यांच्या शेजारी बसून पाटी चालवणारा त्यांचा जावई, ज्याला सगळं स्टेडियम चेष्टेने जावईबापू म्हणायचं, यजमानांचा व्यवस्थापक, आणि हा पाहुणा प्रशिक्षक.

व्यवस्थापक पेढीवर बसल्यासारखा ऐसपैस बसला होता. केस तेल लावून मागे चापलेले. बगलेत सामन्याचा चेंडू.

"टेबलावरून मी हा उचलला, आठवण म्हणून," तो म्हणाला. "कागदाला हात लावला असेन तर हात झडोत. पण खरं सांगू का आत्या? गेला ना कागद? सुंठीवाचून खोकला गेला. तुम्ही कशाला काढा करत बसताय?"

"लेखनिकबाईंचं काय?"

"त्यांना निवृत्त करू सन्मानाने. नाहीतरी डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. वय झालं."

"वय माझंही झालंय."

"तुमचं वेगळं," म्हणत त्याने चेंडू दुसऱ्या बगलेत घेतला.

प्रशिक्षकाने आपली वही निमूट पुढे केली. त्यात त्याने यजमानांचे फाउल रेघा मारून टिपले होते. आत्याने ती वही पाटीशी ताडून पाहिली आणि तिची भुवई वर गेली. बाकी सगळ्या खेळाडूंचे फाउल सारखे होते. फरक दोनच ठिकाणी. वहीत बावन्नचे पाच, पाटीवर चार. वहीत पंचवीस नंबरचे दोन, पाटीवर तीन.

एक फाउल हरवला नव्हता. तो एकाच्या अंगावरून उठून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसला होता.

"हा फाउल कधीचा?" आत्याने विचारलं.

"तिसऱ्या सत्रातला, बावन्नचा तिसरा. आम्ही तेव्हाच ओरडलो. पण अकरा हजारांत आमचे बारा गळे कोण ऐकतो?"

३

बावन्न नंबरला सगळे डोंगर म्हणत. कपडे बदलायच्या खोलीत तो बाकावर एकटाच बसला होता, दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या. बाहेर त्याच्या नावाचा गजर चालू होता आणि हा जमिनीकडे बघत होता.

"गुडघे?" आत्याने विचारलं.

"दोन्ही."

"माझेही." ती शेजारी टेकली. "किती फाउल केलेस रे?"

तो म्हणाला, "आत्या, आपले फाउल आपल्याला मोजावे लागत नाहीत. अंगाला कळतात. शेवटचे एक्केचाळीस सेकंद उरले होते. मी त्यांच्या पोराच्या हातावर फटका मारला, शिट्टी झाली आणि मी आपला बाकाकडे निघालो. झाले पाच, म्हटलं, सुटलो एकदाचा."

"मग?"

"अर्ध्या वाटेत पाटीकडे बघितलं. चार. आमचा व्यवस्थापक बाकावरून ओरडला, मागे फिर गाढवा. फिरलो." त्याने बर्फ सारखा केला. "त्यांचे दोन फ्री थ्रो पडले, मग मी ती बास्केट मारली. सगळे म्हणतायत आयुष्यातली बास्केट. मला विचाराल तर, उष्टं खाल्ल्यासारखं वाटतंय."

आत्या उठली. दारात पोचली तोच समोरून रखवालदार धापा टाकत आला.

"आत्या, चला लवकर. लेखनिकबाईंनी कबूल केलं. कागद त्यांनीच फाडला म्हणतायत."

४

पंचांच्या खोलीत लेखनिकबाई ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर, पायाशी पिशवी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या याच स्टेडियमची फरशी पुसायच्या. सामने बघता बघता खेळ पाठ झाला. अक्षरओळख मात्र नव्हती. ती त्यांच्या शाळकरी मुलीने करून दिली, याच फरशीवर, खडूने. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पेन हातात धरलं आणि दोन वर्षांत टेबलावर बसल्या. ही गोष्ट आत्याला ठाऊक होती, कारण ती खुर्ची आत्यानेच भांडून मिळवून दिली होती.

"लिहून घ्या," लेखनिकबाई म्हणाल्या. "तिसऱ्या सत्रात फाउल झाला. मी बावन्न ऐकलं आणि पंचवीसच्या ओळीत खूण केली. सामना संपल्यावर लक्षात आलं. लाज वाटली. कागद फाडला आणि संडासात टाकला."

"चारही पानं?"

"चारही."

"बावन्न ऐकलं म्हणालीस?"

"हो."

"आणि पंचवीस लिहिलं."

"आपल्यात दोन आधी म्हणतात ना. बा-वन्न. कानाला दोन आधी ऐकू येतो, पाच मागून. हात तसाच चालला. दोन, मग पाच. होतं असं माणसाचं. आता किती वेळा वदवून घेणार आहात, आत्या?"

त्यांचा आवाज स्थिर होता. फार स्थिर. आत्याला पंचगिरीतली एक गोष्ट आठवली: फाउल केलेला खेळाडू हात झटकतो, ओरडतो, आभाळाकडे बघतो. न केलेला फाउल दुसऱ्यासाठी अंगावर घेणाराच असा शांत हात वर करतो.

"पोरगी कशी आहे?" आत्याने सहज विचारलं.

लेखनिकबाईंच्या बोटांनी पदराचं टोक घट्ट धरलं. "सातवा लागलाय," त्या म्हणाल्या. "तिचं काय मधे?"

५

आत्या पुन्हा टेबलाशी आली. स्टेडियम रिकामं झालं होतं. झाडूवाल्यांनी एका कोपऱ्यातून सुरुवात केली होती. ती लेखनिकबाईंच्याच खुर्चीवर बसली आणि डोळे मिटले. घटकाभर झोपावं असं वाटलं. पण डोकं झोपू देईना.

ऐकलं म्हणाली. कुणाकडून ऐकलं?

टेबलाचं काम कसं चालतं, हे आत्याला झोपेतही सांगता आलं असतं. फाउल झाला की पंच बोटांनी नंबर दाखवतो. बावन्नसाठी आधी पाच बोटं, मग दोन. पंच तिसऱ्याच देशाचा. आपल्या भाषेचा आणि त्याच्या बोटांचा संबंध नाही. लेखनिकबाई डोळ्यांनी ती बोटं बघतात, कागदावर खूण करतात आणि मोठ्याने नंबर म्हणतात. शेजारी जावईबापूची नजर घड्याळावर आणि बटणांवर. तो पंचाकडे बघतच नाही. सासूबाईंच्या तोंडून जे येईल ते कानाने घेतो आणि बोटाने दाबतो.

म्हणजे डोळ्याने काम करणारी बाई, आणि चूक सांगतेय कानाची! आंधळ्याने 'मी वाचताना चुकलो' म्हणावं तसं झालं. त्या टेबलावर नंबर ऐकणारं माणूस एकच होतं, आणि ते या खुर्चीवर बसत नव्हतं.

पण हा झाला तर्क. तर्काने समिती हलत नाही.

आत्याने समोरचा कोऱ्या कागदांचा गठ्ठा जवळ ओढला. सामन्याचा संच याच गठ्ठ्यावर ठेवून लिहिला गेला होता. तिने वरच्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं आणि थांबली. बोटाला खड्डे लागले.

उशिरा अक्षर शिकलेला माणूस पेन दाबून लिहितो. अक्षर निसटून जाईल अशी भीती त्याच्या मुठीतून जात नाही. लेखनिकबाईंच्या पेनाने वरची तीन पानं भेदून चौथ्या पानापर्यंत तर पोचायचंच, पण ते त्याहीखाली गेलं होतं.

तिने पेन्सिल आडवी धरली आणि हलक्या हाताने पानावरून फिरवली. काळ्यात पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. नंबरांची रांग. पंचवीसपुढे दोन खुणा. बावन्नपुढे एक, दोन, तीन, चार.

आणि पाच.

लेखनिकबाईंनी बरोबर लिहिलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्या कागदाने त्यांची अब्रू राखली असती, तोच फाडल्याचं त्या सांगत होत्या.

६

"जावईबापू," आत्याने हाक मारली, "चारला समारंभ आहे. पाटी एकदा तपासून घेऊ. संघांच्या याद्या काढून टाक, नुसते आकडे उमटू देत."

तो बोगद्यासारख्या वाटेतून आला. पस्तिशीचा, चेहरा रात्रभर जागल्यासारखा. बटणांसमोर बसला.

"मी नंबर सांगते, तू दाब. सदतीस."

वर पाटीवर सदतीस उजळला.

"एक्केचाळीस." तोही बरोबर आला. "आता सामन्यातल्यासारखं करू. घड्याळ चालू कर. थांबव! अठ्ठावीस! चालू! थांबव, त्रेसष्ट! चालू कर, थांबव, चौऱ्याऐंशी!"

त्याचा डावा हात घड्याळावर, उजवा आकड्यांवर. बोटं भराभर चालली. मग आत्या थांबली आणि नुसती वर बघत राहिली. त्यानेही मान वर केली.

रिकाम्या स्टेडियमवर हातभर उंचीचे आकडे जळत होते. अठ्ठावीस. छत्तीस. अठ्ठेचाळीस.

झाडूवाल्यांचे झाडूही थांबले होते, किंवा आत्याला तसं वाटलं.

"सावकाश सांगितलं की बरोबर," ती हळू आवाजात म्हणाली. "घाईत जीभ जशी चालते तसं बोट चालतं. दुसऱ्या संघात बावन्नला पंचवीस दाबला असतास तर यंत्रानेच नाकारलं असतं. आपल्या नशिबाने आपल्याकडे पंचवीसही होता. ही चूक आहे रे, चोरी नाही. चोरी नंतर केलीस."

तो बटणांकडे बघत राहिला. "शिट्टी झाल्यावर सासूबाई कागदावर बोट ठेवून मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं. त्या तुम्हाला हाक मारायला वळल्या आणि मी..." त्याने यंत्राच्या पेटीचं झाकण उघडलं. तारांखालून घडी घातलेला संच काढला. "फाडायलाच नेला होता. फाडवेना."

"का?"

"आमच्या हिने शिकवलेलं अक्षर आहे ते."

आत्याने कागद घेतला. तिसऱ्या सत्रातली बावन्नची खूण लाल, चौथ्यातल्या निळ्या, नियमाप्रमाणे. एकही खाडाखोड नाही.

"तुझ्या सासूने सगळं स्वतःवर घेतलंय. माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. ते त्याच्या तोंडावरून दिसलं. तो उठायला गेला आणि परत बसला.

७

"मी निर्दोष नाही," कागद पुढे ठेवल्यावर लेखनिकबाई म्हणाल्या. ताठपणा गेला होता. आता नुसती थकलेली बाई उरली होती. "पाचवी खूण केली, तोंडाने 'पाच' म्हटलं, ते गोंगाटात बुडालं. खाली बघून फ्री थ्रो लिहिले. वर बघते तर पाटीवर चार आणि डोंगर मैदानात. तेव्हाच उठून ओरडायला हवं होतं. पण ऑपरेशन झाल्यापासून जो येतो तो विचारतो, बाई, दिसतं ना नीट? मला वाटलं, चुकले असेन मीच. माझ्या हातावर माझाच विश्वास राहिला नाही, आत्या."

"तेही अहवालात लिहीन."

"लिहा."

"आणि जावई पुन्हा टेबलावर बसणार नाही."

"नकोच बसायला."

तीनच्या ठोक्याला आत्याने निर्णय वाचला. पाहुण्यांचे ते दोन फ्री थ्रो पडले, तिथून पुढचा खेळ पुन्हा. पाहुणे सत्तर, यजमान एकोणसत्तर. चेंडू यजमानांचा, वेळ एक्केचाळीस सेकंद, डोंगर बाहेर. लिहायला कोण बसणार, यावर व्यवस्थापकाने गदारोळ केला. या बाई नकोत, म्हणाला.

"मला त्याच हव्यात," पाहुणा प्रशिक्षक म्हणाला. "सकाळपासून या इमारतीत एकच गोष्ट बरोबर झालीय, आणि ती त्यांनी लिहिलीय."

रिकाम्या बाकांसमोर खेळ सुरू झाला. प्रत्येक बुटाचा कर्र आवाज छतापर्यंत जात होता. पाटी बंद ठेवली होती. घड्याळ आणि भोंगा राखीव पंचाकडे. यजमानांनी चेंडू फिरवला, फिरवला, आणि वीस सेकंद उरले असताना टाकला. कडीला लागून बाहेर. पाहुण्यांनी झेलला. दहाएक सेकंद त्यांनी तो फिरवला, मग दोन यजमान चेंडूवाल्याच्या अंगावर आले, तो कोपऱ्यात अडकला. प्रशिक्षक टेबलाकडे धावत आला, हातांनी खूण करत.

"टाइमआउट! टाइमआउट!"

राखीव पंचाचा हात भोंग्यावर गेला. लेखनिकबाईंनी वर न बघता त्याचं मनगट धरलं.

"नाही," त्या म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या आणि सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं ओरडल्या, "यांचे टाइमआउट संपलेत!"

प्रशिक्षक जागच्या जागी थिजला. ज्या बाईसाठी तो भांडला होता, तिनेच त्याचा दोर कापला. क्षणभर त्याने तिच्याकडे बघितलं, मग डोक्याला हात लावला आणि मान डोलावली. हो, संपलेत.

कोपऱ्यातल्या पोराने डोळे मिटून चेंडू लांब भिरकावला. तो यजमानांच्या बोटांना लागून बाहेर गेला. चार सेकंद, चेंडू पाहुण्यांचाच. त्यांनी तो आत टाकला, धरून ठेवला आणि भोंगा वाजला. सत्तर-एकोणसत्तर. पाहुणे उड्या मारायलाही थकले होते; एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून उभे राहिले. डोंगर बाकावरून उठला, लंगडत गेला आणि एकेकाचा हात हातात घेऊ लागला.

व्यवस्थापक टेबलाशी येऊन दात ओठ खात म्हणाला, "घरचाच कप घराबाहेर घालवलात, बाई."

"सही करा इथे," लेखनिकबाई म्हणाल्या. "दाबून करा, खालपर्यंत उमटली पाहिजे."

सगळ्यांच्या सह्या झाल्यावर आत्याने शेवटची केली. दोघी पायऱ्या चढून बाहेर आल्या. एकीचे गुडघे, दुसरीचे डोळे, म्हणून एकमेकींचा हात धरून. बाहेर लख्ख ऊन होतं. जावई गाडीजवळ उभा होता, सासूबाईंची पिशवी छातीशी धरून. आत्याला त्याची थोडी दया आली.

लेखनिकबाई त्याच्यासमोर थांबल्या.

"गाडी काढा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पोरीला काय झालं ते घरी गेल्यावर तुम्हीच सांगायचं. पहिल्यापासून, काही न गाळता. वाटेत शब्द जुळवा. मी मागच्या सीटवर झोपणार आहे."